बाबांनी शांत केलेलं मशीन

त्या दुकानात बोलणारं माणूस एकच. बाप सुतार, जन्माचा बहिरा. आई पॉलिश करायची, तीही बहिरी. थोरला भाऊ दोघांवर गेलेला. आणि शेंडेफळ ही मुलगी, सोळा वर्षांची, हिला मात्र सगळं ऐकू यायचं. नको तेवढं ऐकू यायचं. घरात तिला बोलवायचं म्हणजे कानाच्या पाळीला बोट लावायचं, तेच तिचं हातांच्या भाषेतलं नाव. गल्ली तिला ‘भोंगा’ म्हणायची. का म्हणायची, ते दुकानात पाय ठेवला की कळायचं.

दुकानाच्या मधोमध रंधा मारायचं मशीन होतं. एका टोकाने खरबरीत फळी आत सारायची, दुसऱ्या टोकाने गुळगुळीत झेलायची. ते सुरू झालं की शेजारचा घड्याळजी कानांत कापूस घालून बसायचा. आणि ते बंद म्हणून होत नसे. का व्हावं? चांगलं चाललेलं मशीन कोणी उगाच बंद करतं का? गिऱ्हाईक दारात उभं राहून हातवारे करी, ‘अहो, थांबवा ते’. बाबांना वाटे, माणसाला घाई दिसते. ते आणखी जोमाने फळी सारत.

म्हणून ही पोर सातव्या वर्षापासून त्या मशीनच्या वरताण ओरडत आलेली. खण किती हवेत, बिजागरी पितळी की लोखंडी, आज नाही हो, परवा या. एका हाताने बाबांना सांगायचं, तोंडाने गिऱ्हाइकाला. सांगून सांगून संध्याकाळी घशात जणू भुसा भरलेला.

आता तुम्ही म्हणाल, मग बापाला सांगायचं ना एकदा, की हे मशीन केवढं ओरडतं. तिथेच तर सगळी गोम आहे. लहान असताना तिने एकदा दोन्ही कान घट्ट दाबून धरले होते. ते बाबांनी बघितलं. त्यांनी जमिनीवर तळहात टेकला. जमीन थरथरत होती. हेच लेकीला त्रास देतंय, असं त्यांनी धरलं. सुट्टीच्या दिवशी जुने टायर आणून कापले, मशीनच्या चारही पायांखाली जाड तुकडे बसवले आणि मशीन चालू करून पुन्हा हात टेकला. जमीन हलायची थांबली होती. मग त्यांनी भुवया उंचावून तिला विचारलं, शांत?

तो चेहरा बघून नाही कोण म्हणेल? ती म्हणाली, शांत. आवाज तसूभरही कमी झाला नव्हता. पण तेव्हापासून बाबा येणाऱ्या-जाणाऱ्या प्रत्येक बहिऱ्या मित्राला अभिमानाने दाखवायचे, माझं मशीन शांत आहे, लेकीसाठी केलं. ज्या बापाला दहा कारखान्यांनी दारातून परत पाठवलं होतं, त्याने स्वतःच्या अकलेने उभं केलेलं ते दुकान. कोणत्या तोंडाने सांगणार?

त्याच मशीनच्या आवाजाखाली ती गायची. पांघरुणात शिरून गावं तशी. कोणाला ऐकू जायची भीतीच नाही. एकदा ऐन गाण्यात वीज गेली, मशीन थांबलं आणि हिचा आवाज उघडा पडला. दारात डुगडुगणारं स्टूल घेऊन एक बाई उभ्या होत्या, पलीकडच्या रस्त्यावर गाणं शिकवायच्या त्या. त्यांनी स्टूल खाली ठेवलं आणि विचारलं, ‘कोणाकडे शिकतेस?’

‘कोणाकडेच नाही.’

‘घरी कोणी गातं?’

तिने आईकडे, भावाकडे, बाबांकडे बघितलं आणि तिला हसूच फुटलं. दात आहेत तर चणे नाहीत म्हणतात, ते हे. गळा द्यायचाच होता तर चार कान तरी घरात ठेवायचे होते.

बाईंनी तिला शिकवायला घेतलं. दुपारी तासभर दुकानातून सुटून ती जायची. त्या तासात कोणाचं काही सांगायचं नसे, कोणाचं काही ऐकून दुसऱ्याच्या हातात पोचवायचं नसे. तोंडातून निघे ते तिचं स्वतःचं. असं सुख तिला ठाऊकच नव्हतं. गाण्याच्या मोठ्या शाळेत निवड व्हायची होती आणि बाई म्हणायच्या, तू गेलीस तर बाकीच्यांनी घरी बसावं.

आणि मग वरचे सूर फुटायला लागले. आधी सकाळचे, मग दिवसभरचे. चांगला चढत गेलेला आवाज एका जागी येऊन हवेसारखा फुस्स व्हायचा. बाईंनी चार दिवस वाट बघितली. पाचव्या दिवशी म्हणाल्या, ‘घशाच्या डॉक्टरांकडे जा. घरचं मोठं माणूस बरोबर ने.’

बाबा धुतलेला शर्ट घालून आले. डॉक्टरांनी नळी घालून घसा तपासला आणि खुर्ची तिच्याकडे ओढली.

‘तुझं काम काय? कुठे ओरडावं लागतं का?’

तिने सांगितलं. मशीनचं, गिऱ्हाइकांचं, सातव्या वर्षाचं. डॉक्टर ऐकत राहिले. मग म्हणाले, ‘स्वरतंतूंवर गाठी आल्यात. वर्षानुवर्षं ओरडून घट्टे पडलेत, समज. आजपासून एक शब्दही जोरात नाही. काही महिने पूर्ण गप्प राहिलीस तर गाणं परत यायची आशा आहे. ओरडत राहिलीस तर गाणं विसर. कळलं? आता बाबांना सांग. त्यांना स्पष्ट सांग की हे त्या मशीनमुळे झालंय.’

बाबा मघापासून डॉक्टरांच्या ओठांकडे आणि तिच्या हातांकडे आळीपाळीने बघत होते. त्यांनी विचारलं, कशामुळे?

गिऱ्हाइकाचं बोलणं बाबांना आणि बाबांचं गिऱ्हाइकाला सांगण्यात तिची हयात गेली होती. कधी शब्द इकडचा तिकडे केला नव्हता. कोणी शिवी दिली तर शिवीही तशीच पोचवायची. आणि त्या दिवशी, त्या एका प्रश्नावर, तिचे हात अडकले. समोर बाबांची बोटं, नखांत सरस वाळलेला. ती मनात म्हणाली, काहीतरी दुसरं सांगू, ज्यात कोणाचाच दोष नाही.

तिने सांगितलं, जन्मापासून आहे.

हात दाखवून अवलक्षण म्हणतात, ते याहून वेगळं नसेल.

बाबांचा चेहरा पडला. हळूहळू नाही, एकदम. घरी येईपर्यंत रस्त्यात त्यांनी हात खिशातून काढले नाहीत. बहिऱ्या माणसाने हात खिशात घालणं म्हणजे तोंड मिटणं. घरी आल्यावर त्यांनी आईला सांगितलं, जन्मापासून आहे. आपलं गेलं तिच्यात. कान सोडले आणि घसा धरला.

आई मटकन खाली बसली. म्हणाली, पोटात होती तेव्हापासून मला हीच धास्ती होती. ती आवाजाने दचकली तेव्हा वाटलं होतं, सुटली पोर. नाही सुटली.

भावाने वातावरण हलकं करायला तिच्या खांद्यावर थाप मारली, ये, आमच्या पंगतीत ये, पाट मांडूनच ठेवलाय. कोणी हसलं नाही.

करायला गेली एक आणि झालं भलतंच. मुलगी आईबाबांच्या मधे उभी राहिली आणि हात जोरजोरात हलवून सांगायला लागली. मी खोटं बोलले. जन्मापासून नाही. तुमचं काही आलेलं नाही माझ्यात. ओरडून झालंय. मशीनमुळे.

बाबांनी ते शेवटपर्यंत बघितलं. मग त्यांनी तिचे दोन्ही हात आपल्या हातांत धरले, म्हणजे हातांनी तिला गप्प केलं, आणि सोडल्यावर म्हणाले, मशीन शांत आहे, तूच सांगितलं होतंस. आमचं मन राखायला खोटं बोलू नकोस. मला चेहरा वाचता येतो.

ऐकू न येणारी माणसं चेहऱ्यावरून खरं-खोटं ओळखतात, अशी बाबांची जन्मभराची ऐट होती. आणि ही पोर त्यांच्याशी खोटं बोलली ती आजवर दोनदाच, दोन्ही वेळा ते खरं धरून बसलेले. खरं बोलली ते एकदा, तेवढंच त्यांनी खोटं ठरवलं. हसावं की रडावं? ती रडली. आवाज न करता. त्या घरात आवाजाने रडायची सवयच कोणाला नव्हती.

दुसऱ्या दिवशी सकाळी बाबांनी नेहमीसारखं मशीन सुरू केलं. पहिलं गिऱ्हाईक आलं तेव्हा तिच्याकडे बघून ते क्षणभर घुटमळले. मग त्यांनी अगदी मायेने सांगितलं, बोल. जन्माचंच आहे तर बोलल्याने काही वाढायचं नाही. तेवढं तरी बरं.

तिने पुन्हा सांगायला हात उचलले. बाबांनी मान फिरवली. बहिऱ्या माणसाने मान फिरवली की संपलं, पुढे कितीही हात हलवा. आणि गिऱ्हाईक उभंच होतं. ती ओरडली. त्या दिवशी ओरडली, त्यानंतरही रोज ओरडत राहिली. आवाज खाली बसत गेला, मग फाटत गेला. बाईंकडे जायचं तिने बंद केलं. फाटका आवाज घेऊन त्यांच्यासमोर बसायची तिला लाज वाटायची.

निवडीच्या आदल्या दिवशी बाई स्वतः दुकानात आल्या. भाऊ या टोकाने फळी सारत होता आणि ती त्या टोकाला झेलत होती. मधेच सोडली तर फळीला खाच पडते. बाई दारात थांबून काहीतरी बोलल्या. ते तिने ओठांवरून ओळखलं.

‘उद्या येतेस ना?’

बाबांना वाटलं गिऱ्हाईक. त्यांनी तिला खूण केली, बोल.

‘नाही,’ ती ओरडली.

‘काय?’

‘मी गाणं सोडलं.’

‘अगं, ऐकू येत नाही.’

तिने बाईंनीच शिकवला होता तसा पोटातून श्वास घेतला आणि होता नव्हता तेवढा सगळा आवाज काढून पुन्हा तेच सांगितलं. या वेळी पोचलं. शब्दही पोचले आणि तो आवाजही पोचला. बाईंनी तोंडावर हात धरला. तशाच मागे वळल्या आणि निघून गेल्या.

बाबांनी विचारलं, काय हवं होतं त्यांना?

एक हात फळीखाली होता. तिने दुसऱ्या हाताने सांगितलं, काही नाही, चुकून आल्या होत्या. आणि येणारी फळी धरली.