एकीकडून आरसा, एकीकडून खिडकी

मित्रांनो, मी एक जुनी काच आहे. विद्यापीठाच्या बालविकास प्रयोगशाळेतल्या भिंतीत बसवलेली. माझ्या एका बाजूला उजेडाची खेळखोली होती. तिथल्या मुलांना मी आरसा वाटे. ती मला वेडावून दाखवत. एकाने तर मला चाटलेही होते. दुसऱ्या बाजूच्या अंधाऱ्या खोलीत विद्यार्थिनी वह्या घेऊन बसत आणि माझ्यातून मुलांना पाहत. पलीकडचे बोलणे त्यांना स्पीकरवर ऐकू येई.

शिकवणाऱ्या बाईंचा दंडक एकच होता : दिसेल तेवढेच लिहायचे.

खेळखोलीत साडेतीन वर्षांची एक मुलगी येई. सगळे तिला झिपरी म्हणत. एका विद्यार्थिनीने तिच्याबद्दल लिहिले, ‘मुलगी हट्टी आहे.’

“हट्ट दिसला तुला?” बाईंनी विचारले. “काय रंगाचा होता गं?”

“बाई, खेळखोलीतल्या ताईंनी चारदा हाक मारली. ढिम्म हलली नाही ती.”

“हाक कुठून मारली?”

ते तिने पाहिलेच नव्हते. बाईंनी वही परत दिली. “बस पुन्हा.”

ती तीन दिवस माझ्यासमोर बसली, तेव्हा कुठे तिच्या ध्यानात आले. डावीकडून मारलेली हाक झिपरीला ऐकूच येत नव्हती. उजवीकडून कुजबुजले तरी ती धावत येई. मग तिचा कान तपासला, औषधपाणी झाले. तोवर घरी बिचारी हट्टीपणासाठी धपाटे खात होती.

ती विद्यार्थिनी आज इथेच शिकवते. गेल्या महिन्यात नव्या विभागप्रमुखांनी खेळखोलीची बैठकांची खोली करायचे ठरवले.

“मग मुलांकडे बघायला शिकायचं कुठे?” तिने विचारले.

“चाळीस व्हिडिओ आहेत की, मॅडम. घरबसल्या बघतील.”

“व्हिडिओतलं मूल दर वेळी तेच करतं, सर.”

“मग तर बरंच. पेपर तपासायला सोपं.”

माझ्या अंगाची लाही लाही झाली. ती भांडली, अर्ज केले. कुणी दाद दिली नाही. बुटक्या खुर्च्या निघाल्या, मुले गेली. बैठकीत सगळे आपापले केस नीट करत बसतात, म्हणून माझ्यावर कागदही चिकटवला. यंदाचे विद्यार्थी एकाही जित्याजागत्या मुलाकडे न पाहता पास होतील आणि उद्या तुमच्या भावंडांना शिकवतील.

मित्रांनो, मला तुमची दया नको. पण तुमच्या धाकट्या बहिणीला कुणी हट्टी किंवा मठ्ठ म्हणाले, तर गप्प बसू नका. त्यांना सरळ विचारा, “तुम्ही हिच्याकडे किती वेळ पाहिलंत?”