पाचकबाबाचा चार किलोंचा चमत्कार

रात्रभर उपाशी ठेवलेलं डुक्कर सकाळी काट्यावर चढवलं. पाचकबाबाने आकडा मोठ्याने वाचला, डुकरापुढे पांढरी पूड कालवलेलं खाद्य ठेवलं आणि शेजारी पाण्याची बादली. दुपारी तेच डुक्कर पुन्हा काट्यावर, चार किलो जास्त! जमलेल्या डुक्करपालकांचे डोळे विस्फारले.

बाबाच्या अंगात डॉक्टरी कोट होता आणि जिभेवर लोणी.

"हे एन्झाइम आहे, एन्झाइम! जिवंत! दाण्यादाण्याची कुलपं उघडतं. नुसता भुसा घाला, मांस होईल. पथ्यं दोनच. रात्री पाणी बंद, पाण्याने शक्ती विरघळते. आणि शंका घ्यायची नाही, शंकेने एन्झाइम मरतं."

"डुकराने शंका घेतली तर?" मी मागून विचारलं. कोणी हसलं नाही.

वहिनीने पिशवीभर पुड्या घेतल्या. दादा गेल्यापासून ती कशालाच नाही म्हणत नव्हती. त्याने मागे ठेवलेली ही वाढती डुकरं हाच आमच्या दोघांच्या पोटाचा आधार. मी घरी येऊन तावातावाने भांडलो.

"भाऊजी, घालून बघू," ती भिंतीकडे बघत म्हणाली. "सगळे घालताहेत."

माझ्याशी ती भांडलीसुद्धा नाही. संध्याकाळी शेडमध्ये गेली आणि तिने नळ बंद केला. रोज तेच चाललं.

मग एका सकाळी एक डुक्कर कुत्र्यासारखं बूड टेकून बसलेलं दिसलं. दुसरं गोल गोल फिरत होतं. तिसरं भिंतीला डोकं लावून तसंच उभं. बातमी पसरली, शेजारी धावले.

"शक्ती चढली!" कोणीतरी ओरडलं. बाबाही काटा घेऊन हजर झाला. "पहिली खूण! आता मात्रा दुप्पट करा."

मी जनावरांच्या डॉक्टरीणबाईंना बोलावून आणलं. त्यांनी भिंतीपाशी उभ्या डुकराच्या डोळ्यांपुढे हात हलवला. पापणी लवली नाही.

"याला दिसत नाहीये. पाणी कधीपासून बंद आहे?"

"रात्रभर असतं," वहिनी म्हणाली.

बाईंनी पूड बोटाने जिभेला लावली आणि थुंकल्या. "मीठ आहे हे. बाकी कणीक असेल. एवढं मीठ आणि वर पाणी नाही, की ते मेंदूपर्यंत जातं. शक्ती कसली, विषबाधा आहे."

"आणि चार किलो?" बाबा गरजला. "ते सगळ्यांनी पाहिलंय!"

बाईंनी त्याच्याच काट्यावर भरली बादली आणि खाद्याचं घमेलं ठेवलं, मग दोन्ही रिकामी करून पुन्हा ठेवली. फरक चार किलोंच्या वरच भरला.

"तहानलेल्या जनावराला खारट खाऊ घातलं, ते घटाघटा पाणी प्यायलं. पोटातलं पाणी तुम्ही मांस म्हणून मोजलंत."

"एन्झाइम विज्ञान आहे, बाई!"

"आहे ना. खरं एन्झाइम काही धान्यं थोडी जास्त पचवतं. पण भुशाचं मांस करत नाही, आणि फायदा कळायला कित्येक आठवडे लागतात. तोही एका कप्प्यातल्या डुकरांना घालून आणि शेजारच्या कप्प्यातल्यांना न घालता ताडून बघावा लागतो. तुम्ही कधी न घालता बघितलंत?"

बाबा काटा उचलायला वाकला. लोकांनी उचलू दिला नाही.

बाईंनी बजावलं, एकदम पाणी पाजाल तर मेंदू सुजून मरतील, घोट घोट द्या. वहिनी दिवसभर वाटीने पाणी देत राहिली. तरी अर्धी डुकरं गेली. ती आम्ही दोघांनी ओढून बाहेर काढली. तिच्या डोळ्यांत पाणी नव्हतं आणि मलाही काही वाटत नव्हतं, नुसते हात चालत होते.

"नशिबात होतं, बाई," शेजारीण म्हणाली.

"नशिबात नव्हतं," वहिनी म्हणाली. "मीठ होतं. आणि नळ मी बंद केला होता."

शंका घेऊ नका असं जो सांगतो, त्याच्यावर पहिली शंका घ्या. औषध असो, अंगारा असो, एन्झाइम असो, त्याला एवढंच विचारा: हे न घालता काय होतं ते दाखव. हे विचारायला पदवी लागत नाही. आमच्या अख्ख्या गर्दीत ते कोणी विचारलं नाही, आणि आता आमची अर्धी शेड रिकामी आहे.