बिजागरीखालची पट्टी

धवलने ग्राइंडर बंद केला आणि सायकलच्या बिजागरीखालून तोडलेली लोखंडी पट्टी वर्तमानपत्रावर टाकली. तिथे कॅरिअर, स्टँड, दोन्ही मडगार्ड आणि चेनकव्हर आधीच पडलं होतं. पट्टी होती तिथे नळीवर केसाएवढी रेघ दिसत होती. त्याने तिच्यावरून अंगठा फिरवला. जुना रंग तडकला असेल. पॉलिशपेपर घासून त्याने रेघेत पुट्टी भरली आणि वर करडा स्प्रे मारला. रेघ दिसेनाशी झाली.

निर्मळच्या वाडीतून फुलांच्या करंड्या नेण्यासाठी त्याच्या वडिलांनी, दिवाकरांनी, ही सायकल शेवटपर्यंत वापरली. घडीची सायकल, पण घडी घालायला बंदी. लहानपणी धवलने एकदा बिजागरीचा खटका ओढून पाहिला होता. वडिलांनी त्याच्यावर हात उगारला, तो तेवढाच. बोळिंजच्या सोसायटीत हा किस्सा तो हसत सांगे.

रविवारी सकाळी त्याच्या बायकोने, जागृतीने, सायकल एका हाताने उचलली.

"अरे, हिला जेवायला घालत नाहीस की काय?"

"उद्यापासून स्टेशनला हीच ने. रिक्षावाल्यांची मनधरणी बंद."

तिने खटका ओढला. सायकल आवाज न करता दुमडली. तिने ती उघडली, पुन्हा दुमडली.

"घंटी बाबांचीच ठेवलीस ना?"

"तू ऐकतेस कुठे? तेवढंच फालतू वजन राहिलंय."

"गप रे. पुलावरून एक फेरी मारून येते."

लिफ्टचं दार लागलं. स्वयंपाकघरातून त्याची आई, मालन, बाहेर आली. केळफूल सोलताना हाताला लावलेलं तेल ती पदराला पुसत होती. वर्तमानपत्रावरचा ढीग पाहून ती थांबली, वाकली आणि पट्टी उचलून तिने उलटसुलट केली.

"ही रे का काढलीस?"

"तिच्यामुळे घडी पडत नव्हती, आई. आणि जड किती!"

"ह्यांनी मुद्दाम मारून घेतली होती. तळ्याच्या उतारावर पडले ना, त्यानंतर. पुढचे दात गेले ते तेव्हाच."

"ते तर खड्ड्यात आपटले होते."

"लोकांना तसं सांगायचे. चालत्या सायकलीचे दोन तुकडे झाले म्हटलं असतं, तर तुझ्या आजोबांनी ती भंगारात घातली असती. ह्यांचा जीव तिच्यात. गुपचूप जोडून आणली."

धवलने पट्टी तिच्या हातातून घेतली. ती तेलाने निसटली आणि फरशीवर वाजली. तो गॅलरीत धावला.

जागृती गेटबाहेर पडली होती.

"जागृती!"

तिने मान वळवून वर पाहिलं. हसली. उत्तरादाखल दोनदा घंटी वाजवली.

"थांब! उतर खाली!"

मागून आलेल्या डंपरच्या हॉर्नमध्ये त्याचा आवाज बुडाला. मालन त्याच्या शेजारी येऊन उभी राहिली.

"चालवते छान," ती म्हणाली.

समोर पुलाचा चढ लागला होता. जागृती सीटवरून उठली आणि पायडलवर उभी राहिली.