गोधडीतला लाल

तिने त्याच्या हातातली कात्री काढून घेतली.

"ही कापडाची कात्री आहे. हिने कागद कापायचा नाही, एवढं या घरात रांगणाऱ्या पोरीलासुद्धा कळत होतं."

"एकच चौकोन कापत होतो," तो म्हणाला.

"एका चौकोनानेही धार जाते."

त्याने कागद खाली ठेवला आणि सुई उचलली. पाणीपुरवठा खात्यातून हेडक्लार्क म्हणून निवृत्त झाल्यावर त्याने काही महिने नुसता पेपर वाचला. पेपराचा कंटाळा आला, तेव्हा तो गोधडी शिवायला बसला. कुणी सांगितलं नव्हतं, कुणी विचारलंही नव्हतं.

गल्लीत तिला सगळे टेलरबाई म्हणत. लग्न झाल्यावर थोड्याच दिवसांत तिने खिडकीशी मशीन मांडली होती आणि गुडघ्यांनी पायडलला नकार देईपर्यंत ती लोकांचे फ्रॉक, गणवेश, पडदे, उशांचे अभ्रे शिवत राहिली. मुलीचं शिक्षण त्याच मशीनवर झालं. पण त्या कामाला कधी कुणी कला म्हटलं नाही, ते शिवण होतं. आता मशीनवर चादर टाकून वर्ष होत आलं होतं आणि साहेब तिच्याच चिंध्यांचं गाठोडं उपसून उजेडात बसायला लागले होते. मुलगी रविवारी यायची आणि फोटो काढत सुटायची.

"आई, बाबा कलाकार निघाले बघ. काय सुंदर क्विल्ट करतायत."

घरात ती गोधडी होती, फोटोत गेली की क्विल्ट व्हायची. टेलरबाईंच्या पोटात दुखायचं आणि त्याची तिला जराही लाज वाटत नव्हती. एक टाका केवढा, दुसरा एवढासा; एकही कोपरा धड नाही. असं काम तिने दिलं असतं तर गिऱ्हाइकाने तोंडावर फेकलं असतं. त्याच वेड्यावाकड्या कोपऱ्यांना मुलगी हाताचा गोडवा म्हणायची.

एका दुपारी तो ट्रंक उपसून एक लालभडक कापड घेऊन आला.

"हे चालेल का गं मधल्या चौकोनांना?"

ती भाजी निवडत होती. ते कापड ती चांगलं ओळखून होती. त्या कापडाची झालर लावलेला एका गिऱ्हाइकाच्या मुलीचा पांढरा फ्रॉक पहिल्याच पाण्यात रंग उतरून गुलाबी झाला होता. तिला दुसरा शिवून द्यावा लागला होता, वर बोलणी खावी लागली होती ती वेगळीच. उरलेलं कापड तिने ट्रंकेच्या तळाशी कोंबलं होतं. आणि त्याच्या गोधडीची जमीन पांढरीशुभ्र होती.

"चालेल," ती म्हणाली.

त्यानंतर ती त्याच्याशी गोड बोलायला लागली. चहा न मागता मिळू लागला. एकदा त्याला सुईत दोरा ओवता येईना, तेव्हा तिने तो ओवूनही दिला. पांढऱ्यावर एकेक लाल चौकोन चढत होता आणि ती शांतपणे बघत होती. इतकी शांत ती कित्येक वर्षांत नव्हती.

मुलीने फोटो कुठे कुठे पाठवले असतील देव जाणे, पण एक दिवस ग्रंथालयाच्या बाई घरी आल्या. ग्रंथालयाच्या हॉलमध्ये ज्येष्ठांच्या हस्तकलेचं प्रदर्शन भरवायचं होतं. त्यांनी गोधडी खुर्चीवर पसरली, मागे सरून पाहिली, पुन्हा जवळ जाऊन पाहिली.

"काका, हे शिकलात कुठे?"

टेलरबाई चहाचा ट्रे घेऊन स्वयंपाकघराच्या दारातच थांबली.

"कुठे नाही," तो म्हणाला. "स्वतःच. बघून बघून."

ती पुढे आली. बाईंनी कप उचलला आणि हसून तिच्याकडे पाहिलं.

"काकू, तुम्हीपण मदत करता का यांना थोडीफार?"

"चहा करते ना," ती म्हणाली.

तो गोधडीची घडी घालण्यात गुंतला होता. घालता येत नव्हती तरी घालत होता. जाताना बाई म्हणाल्या, "हात लागून जरा मळलीय. द्यायच्या आधी एकदा धुऊन इस्त्री करा."

दुसऱ्या दिवशी सकाळी त्याने न्हाणीघरात मोठा टब भरला. तिने गॅस बंद केला आणि दारात जाऊन उभी राहिली. अडवायला ती गेली नव्हती. तिला त्याचा चेहरा बघायचा होता.

त्याने गोधडी पाण्यात बुडवली, दोन्ही हातांनी दाबली, उलटी केली. पाणी मळकट झालं. त्याने ते ओतून दिलं आणि पुन्हा टब भरला. आता पाणी स्वच्छ होतं. लाल चौकोन पाण्याखाली जसेच्या तसे, त्यांच्याभोवतीचं पांढरंही पांढरंच.

"नाही जायचा रंग," तो वर न बघता म्हणाला. "शिवायच्या आधीच ते कापड मिठाच्या पाण्यात घालून ठेवलं होतं. तू बाजारात गेलीस की रोज थोडं थोडं. पाणी नितळ येईपर्यंत."



"कुणी सांगितलं तुम्हाला?"

"सांगायला कशाला हवं? आजवर माझ्या एका तरी गोष्टीला तू लगेच हो म्हणालीस? चालेल म्हणालीस, तेव्हाच कळलं काहीतरी काळंबेरं आहे. लाल कापडात रंगाशिवाय दुसरं काय असणार?"

म्हणजे तो सगळं जाणून होता. तो आयता चहा, तो ओवून दिलेला दोरा, सगळं त्याने मुकाट्याने घेतलं होतं. तिला शरम वाटायला हवी होती, पण उलट तिच्या तळपायाची आग मस्तकात गेली.

"आणि मिठाचं कसं कळलं?"

"ऑफिसच्या घाईत आंघोळीला शिरलं की तुझी बादली मधे आडवी. मीठ खाली बसलेलं, कापड बुडवलेलं. इतकी वर्षं ती मीच बाजूला सारत होतो. डोळे होते मला."

"मग काल त्या बाईंपुढे स्वतःच शिकलो म्हणून कशाला सांगितलंत?"

त्याने पाण्यातली गोधडी आणखी एकदा उलटी केली.

"तुझं नाव घेतलं असतं तर त्या म्हणाल्या असत्या, आधी काकूंचं काम दाखवा," तो म्हणाला. "मग माझं कुणी बघितलं असतं?"

 बाईंनी खरंच काम दाखवा म्हटलं असतं तर तिने काय दाखवलं असतं? चाळीस वर्षांत शिवलेलं सगळं लोकांच्या अंगावर गेलं होतं, विटलं होतं, फाटलं होतं, त्याची फडकी झाली होती. घरात तिच्या हातचा एक कपडा असा नव्हता की जो तिने मनात आला म्हणून शिवला. हे तिला या न्हाणीघराच्या दारात, याच माणसाकडून कळावं, याचा तिला फार राग आला.

त्याने गोधडी उचलली आणि पीळ घालायला घेतली.

"पिळू नका," ती म्हणाली. "आतले थर गोळा होतात. एक टोक द्या इकडे."

दोघांनी ती जड, गळकी गोधडी बाहेर नेली आणि दोरीवर टाकली. कुणी कुणाकडे पाहिलं नाही.

"उद्यापासून मी शिवायला बसणार आहे," ती म्हणाली.

"गुडघे?"

"हाताने शिवेन."

"कुणाचं काम आलंय?"

ती दोरीवरच्या गोधडीची चुणी सारखी करत होती.

"कुणाचंच नाही."