तक्रारीच्या जागी नर्मदे हर

मनवेलपाड्यातल्या एका चार मजली सोसायटीचे शांताराम केळुसकर सतरा वर्षं सेक्रेटरी होते. तक्रारअर्ज लिहिताना त्यांचा चेहरा असा खुलायचा की बघणाऱ्याला वाटावं, नातवंडाला पत्र लिहितायत. लिफ्ट, कचरा, गच्चीवरची टाकी, वरच्या मजल्यावरचं रडकं बाळ, कुणालाही त्यांनी सोडलं नव्हतं. सेक्रेटरीपद सुटलं आणि त्यांना एकच ध्यास लागला. नर्मदा परिक्रमा करायची, पायी, आणि बायकोबरोबर.

मनोरमाबाईंनाही परिक्रमेला जायचं होतं. फक्त शांतारामांबरोबर नाही.

“चार महिने रोज नवी धर्मशाळा, नवा आश्रम,” त्या म्हणाल्या. “कुठे पाणी गार, कुठे सतरंजी जुनी. तुम्ही प्रत्येक ठिकाणी तक्रारवही मागाल. मी आपली रंभाबरोबर जाते.”

रंभा उमेळ्याची. मनोरमाबाईंबरोबर एकाच शाळेत नोकरीला होती, आणि तीन वर्षांपूर्वी अख्खी परिक्रमा एकटीने चालून आली होती. शांतारामांचं पडलेलं तोंड तिला बघवेना.

“तीन दिवस सराव करू,” ती म्हणाली. “हितून उमेळा, तिकडून निर्मळ, आनि परत घरी. गाडीत बसायचं नाय, मिळंल तिथे झोपायचं, देतील ते खायचं. भावोजींनी एक जरी तक्रार केली तर ते र्‍हातील घरी, आनि आपन दोघी जाऊ. तोंडात तक्रार आलीच, तर तिच्या जागी ‘नर्मदे हर’ म्हनायचं.”

नर्मदेच्या काठी येताजाता सगळे एकमेकांना हेच म्हणतात. शांताराम खूश झाले. तीन दिवस म्हणजे काय, चुटकीसरशी जातील!

पहिली ‘नर्मदे हर’ त्यांच्याच गेटवर निघाली, कारण वॉचमन झोपला होता. दुसरी कोपऱ्यावर, तिसरी उघड्या गटारापाशी. मग मोजायचं कुणी? एक स्कूटरवाला अंगावर चिखल उडवून गेला तेव्हा शांतारामांनी डोळे मिटले, मुठी आवळल्या आणि अशी आरोळी ठोकली की तो बिचारा पुढे जाऊन थांबला आणि त्यानेही हात जोडले.

उमेळ्यात मुक्काम गावच्या हॉलमध्ये होता. जेवणात वांगं होतं. शांतारामांचं आणि वांग्याचं जन्माचं वैर. पानात फोड पडताच ते गरजले, “नर्मदे हर!”

वाढणाऱ्या बायका भारावून गेल्या. “केवढी भक्ती गो!” म्हणत एकीने आणखी दोन डाव वाढले. शांताराम पुन्हा गरजले. दुसरी बाई पातेलंच घेऊन आली. मनोरमाबाईंना पदर तोंडाशी धरून बाहेर ओट्यावर जावं लागलं, आणि तिथे त्या हसून हसून खालीच बसल्या. कित्येक वर्षांत त्या अशा हसल्या नव्हत्या.

दुसऱ्या दिवशी निर्मळला जाईपर्यंत ‘नर्मदे हर’वाल्या बाबांची कीर्ती त्यांच्यापुढे पोचली होती. रंभाच्या ओळखीच्या क्लेमेंटच्या वाडीत, लग्नाच्या पाहुण्यांसाठी बांधलेल्या दोन खोल्यांत उतरायचं होतं. त्याची बायको डायना दारातच म्हणाली, “या, या! तुमच्याबद्दल उमेळ्यावरून फोन आला. फार देवाचा माणूस, म्हणाले.” देवाच्या माणसाने पलंगाची कुरकुर ऐकली, उशीचा वास घेतला आणि देवाचं नाव घेतलं.

सकाळी जाग आली ती पाण्याच्या आवाजाने. टाकी वाहत होती. शांतारामांच्या अंगावर काटा आला. सतरा वर्षं ज्या एका गोष्टीसाठी त्यांनी रक्त आटवलं, ती त्यांच्या डोळ्यांसमोर धो धो चालली होती, आणि बोलायची सोय नव्हती! ते अनवाणी धावले आणि पंप बंद करून टाकला. तक्रार केली नाही, काम केलं. स्वतःवर बेहद्द खूश होऊन ते चहाला बसले.

अर्ध्या तासाने क्लेमेंट खांद्यावर कुदळ घेऊन आला. “पंप कुणी बंद केला?”

“मी,” शांताराम ऐटीत म्हणाले. “टाकी भरून वाहत होती.”

“वाहायलाच पाहिजे ना, बाबा. ते पाणी पाटाने केळीला जातं. मी तिकडे वाफ्याशी उभा, पाणी का येत नाही बघत!”

रंभा चहा सांडेपर्यंत हसली. शांताराम हळूच म्हणाले, “नर्मदे हर.” या वेळी ती तक्रार नव्हती, माफी होती.

आता फक्त घर गाठायचं होतं. शांतारामांना पंख फुटले होते. मनात त्यांनी परिक्रमेची सॅकसुद्धा भरून टाकली. रंभा पुढे, ते मध्ये. मनोरमाबाई मात्र मागे होत्या. घरात, बाजारात, लग्नात कायम दोन पावलं पुढे असणारी ही बाई कालपासून मागे का? रेल्वेवरच्या पुलाचा चढ आला, तशा त्या बुटाची नाडी बांधायला वाकल्या. तिसऱ्यांदा. शांताराम परत गेले. नव्या बुटाच्या वर मोज्याची टाच लाल झाली होती.

“काही नाही हो. चला,” त्या कुजबुजल्या. डोळ्यांत पाणी होतं.

शांतारामांनी पुलाकडे पाहिलं. पलीकडे घर होतं, आणि घरापलीकडे नर्मदा. गप्प राहिलं की झालं. त्यांनी तोंड उघडलं, ‘न’ म्हटला, पण पुढचं येईना.

“मुद्दा क्रमांक एक!” ते कडाडले. “हिची टाच फुटलीय आणि कुणाचं लक्ष नाही. मुद्दा क्रमांक दोन, नवे बूट घालून तीन दिवस चालायला लावणारी ही कसली व्यवस्था? मुद्दा क्रमांक तीन, ही आता एक पाऊल टाकणार नाही. रंभाबाई, लेखी हवं असेल तर लेखी देतो!”

केळीवाल्या दोन सायकली थांबल्या. रंभा परत आली. तिलाही वाईट वाटलेलं दिसलं. “भावोजी, झाली की हो तक्रार. घर तर समोर आलंय.”

“झाली,” शांताराम म्हणाले. ते खाली बसून बुटाची नाडी सोडत होते. “जा तुम्ही दोघी. पण हिला दुसरे बूट घ्या.”

“ती तक्रार त्यांची नाही,” मनोरमाबाई म्हणाल्या. “माझी आहे. काल सकाळपासून गिळतेय. म्हटलं, रंभा म्हणेल हिला झेपायचं नाही, आणि मला नेणारच नाही.” मग त्या शांतारामांच्या खांद्यावर हात टेकून उभ्या राहिल्या. “चार महिने मला गिळता येणार नाही गं. माझ्या वाटचं बोलणारा माणूस बरोबर हवा.”

रंभाने दोघांकडे पाहिलं. “मग तिघं जाऊ,” ती म्हणाली. “वांगी मी खाईन.”

आनंदाने शांतारामांनी अशी ‘नर्मदे हर’ दिली की समोरून येणारी रिक्षा कचकन थांबली.

“मनवेलपाडा,” रंभाने सांगितलं.

“पुलापलीकडे नाही जाणार,” रिक्षावाला म्हणाला.

शांतारामांनी ओठ घट्ट मिटले आणि बायकोकडे पाहिलं.

मनोरमाबाई बूट हातात घेऊन रिक्षात बसल्यासुद्धा होत्या. “बोला,” त्या म्हणाल्या. “मुद्दा क्रमांक एकपासून.”