डावा खांदा पाव इंच खाली

इमारतीत तिला सगळे टेपबाई म्हणत. पोस्टात दिवसभर पाकिटं लावून ती घरी आली, की गळ्यात माप घ्यायची टेप पडायची, ती जेवणाचं ताट समोर येईपर्यंत. धंदा म्हणून तिनं कधी शिवलं नाही. पण घरात विकतचा कपडा शिरत नसे. "दुकानातला कपडा कुणाच्याच मापाचा नसतो, म्हणून तर सगळ्यांना खपतो," असं ती म्हणायची.

जीव होता तो लेकीच्या कपड्यांत. लेकीला घरात खारू म्हणत. एका जागी बूड टेकेल तर शपथ! तिचं माप घ्यायचं म्हणजे पळत्या गाडीचं चाक मोजण्यातला प्रकार. तरी टेपबाई दर चार-सहा महिन्यांनी नवं कागदी कटिंग करी, आधी जुन्या चादरीच्या कापडाचा फ्रॉक टाचून लेकीच्या अंगावर चढवी, जिथे चूण पडेल तिथे टाचणी लावी आणि मग कागद सुधारी.

खारू अकरा वर्षांची असताना डाव्या खांद्यावर चूण यायला लागली. टेपबाईनं कागदावर तो खांदा पाव इंच उतरवला. फ्रॉक चापूनचोपून बसला. पुढच्या खेपेला पुन्हा चूण. पुन्हा पाव इंच. मग उजवीकडे पाठीत कापड कमी पडायला लागलं, तिथे तिनं वाढवून घेतलं. घेर एका बाजूनं वर जायचा, तोही सारखा केला.

"नीट उभी राहा गं, वाकडी काय उभी राहतेस?"

"सरळच उभी आहे ना आई!"

"मग माझ्याच कात्रीत खोट म्हणायची."

दोघी हसायच्या. शेजारीण म्हणायची, "पोरगी कशी रेखीव दिसते हो तुमची!" ते ऐकून टेपबाईच्या अंगावर मूठभर मांस चढायचं.

चौदाव्या वर्षी शाळेत पोहणं सुरू झालं. पोहायचा पोशाख ताणल्या जाणाऱ्या कापडाचा, तो काही घरच्या मशीनवर जमेना. म्हणून पहिल्यांदाच विकतचा आणला. तिसऱ्या दिवशी पोहायला शिकवणाऱ्या बाईंनी टेपबाईला बोलावून घेतलं. खारूला त्यांनी तलावाच्या काठावर ओणवी उभी केली.

"हे कधीपासून आहे?"

उजव्या बाजूच्या फासळ्या उशी ठेवावी तशा वर आल्या होत्या. कणा मधून निघून एकीकडे वळला होता. ही पाठ टेपबाईनं शंभरदा मोजली होती.

हाडांच्या डॉक्टरांनी पाठीचा एक्स-रे फोटो उजेडासमोर धरला. "वाढीच्या वयात कण्याला आधार देणारा पट्टा लावला असता तर बहुतेक इथवर आलं नसतं. आता वाढ संपत आलीय, पट्ट्याचा उपयोग नाही. ऑपरेशन करावं लागेल, कण्याला सळया घालून." मग त्यांनी खारूच्या फ्रॉककडे पाहिलं. "कपडे कोण शिवतं हिचे?"

"मी."

"सुरेख बसवलाय. काहीच कळत नाही वरून."

ते सहज बोलले असतील. पण टेपबाईची नजर त्या फ्रॉकच्या डाव्या खांद्यावर गेली.

घरी तिनं नवऱ्याला सगळं सांगितलं. लिफ्ट दुरुस्त करणारा माणूस, मोजकं बोलणारा. म्हणाला, "मला काय कळणार त्यातलं? पण तू तर सारखी माप घेत होतीस ना?"

ओरडला असता तर बरं झालं असतं. ती उलटून काही बोलली असती.

दुसऱ्या दिवशी ती कामावर गेली नाही. कपाटामागून जुनी कटिंगं काढली आणि जमिनीवर एकावर एक मांडली, सगळ्यांत जुनं तळाशी. मधली रेघ जुळवून घेतली. डावा खांदा पायऱ्या उतरावा तसा खाली खाली गेला होता. उजवीकडची पाठ दर खेपेला फुगली होती. प्रत्येक कागदावर तिच्याच अक्षरात तारीख होती आणि खाली टीप: डावा खांदा पाव इंच खाली. तीन वर्षं. जे डॉक्टरांनी फोटोत दाखवलं ते तिनं स्वतःच्या हातानं काढून, कापून, घडी घालून ठेवलं होतं. आणि दर वेळी खोट काढली ती कागदाची.

ती त्या कागदांवरच बसून राहिली.

संध्याकाळी खारू मैत्रिणीबरोबर जाऊन एक शर्ट घेऊन आली. विकतचा, निळा. घालून दारात उभी राहिली. डावा खांदा ओघळलेला, पाठीवर कापड ताणलेलं, खालची कड तिरकी. टेपबाई उठली, आणि तिला कळायच्या आत तिची बोटं त्या खांद्याची चूण चिमटीत धरायला गेली.

खारू मागे सरकली. "हात लावू नकोस."

"अगं, जरासंच..."

"नको म्हटलं ना! तू सगळं नीट करतेस. तू नीट करत राहिलीस म्हणून मलाही कळलं नाही." तिनं शर्टाची तिरकी कड मुठीत धरली. "ऑपरेशनपर्यंत मी हेच घालणार. दिसू दे सगळ्यांना."

दार आपटलं. टेपबाई खिडकीशी गेली. खाली रस्त्यावरून लेक चालली होती, भराभर, एका बाजूला झुकलेली. एवढ्या लांबूनही दिसत होतं. कोणालाही दिसलं असतं.