तुटक रेघ

खोडरबराचा चुरा... नकाशावर, नेमका तिच्या खोलीच्या कडेला. उज्ज्वलाने तो फुंकला नाही, बोटाने हळूच सारला, कारण खाली काय खोडलंय ते बघायचं होतं. कालपर्यंत इथे भरीव जाड रेघ होती, पलीकडे धाकट्या रुद्रची खोली, अलीकडे तिची; आज तुटक रेघ. मखमलाबादच्या प्लॉटवर उठणार होते तीन मजले, सहा फ्लॅट, सगळ्यात वरचा मजला त्यांचा — आणि नकाशा वाचायला आर्किटेक्टकाकांनीच तिला शिकवलं होतं, भरीव म्हणजे कायमची भिंत, तुटक म्हणजे... पुढेमागे काढायची. तिला आता सगळं वाचता येत होतं, पप्पांचा चेहरासुद्धा.

"पप्पा, ही भिंत कुणी बदलली?"

"भिंत आहेच गं. फक्त चार इंची केली." पप्पांनी चहात बिस्कीट बुडवलं. "उद्या गरज लागली तर पाडता येते."

"कुणाला गरज?"

बिस्कीट तुटून कपात पडलं.

"मला," रुद्र म्हणाला. "माझी खोली डबल. तू आलीस की हॉलमध्ये झोप, पाहुणीबाई."

"गप रे," आई म्हणाली, पण हसून, आणि लगेच ओट्याकडे वळली... इतकं लगेच कशाला?

नांदगावला आजोबांच्या घरी आशाआत्याची खोली होती म्हणे. आता आत्या माहेरी आली की दारातच विचारते, पर्स कुठे ठेवू? सगळे हसतात. आत्याही हसते — म्हणजे तेव्हाही सगळं आधीच ठरलं होतं का, असंच, चहा पिता पिता?

पप्पा अंघोळीला गेले तशी तिने कंपासपेटीतली पेन्सिल काढली. रेघेतली पहिली फट भरली, मग पुढची, त्याच्या पुढची... आणि थांबली. दिवाळीत सगळ्या पाहुण्यांसमोर ठसक्यात कोण म्हणालं होतं, बारावी झाली की मी पुण्याला, परत इथे कोण येतंय? मीच. सगळे कौतुकाने हसले होते. पप्पा तेवढे गप्प होते. ऐकत होते? मग ही रेघ त्यांची, की माझीच?

आत नळ बंद झाला. पेन्सिलचं टोक कागदावर तसंच टेकलेलं, आणि आता तिला पप्पांपेक्षा स्वतःचाच संशय येत होता — आपल्याला खरंच भिंत हवीय, की ती पाडताना कुणाचा तरी हात अडखळायला हवाय...